जावई हरला, एवढंच?

आज कपाट आवरताना खाली अंथरलेला जुलै २०२४चा पेपर हाती लागला. ब्रिटनच्या निकालाची बातमी, आणि सुरुवातच भारताचा जावई हरला अशी. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक, त्यांची बायको अक्षता, तिचं मूर्ती कुटुंब, मग भारतीय वंशाचे खासदार किती त्याची चौकट. जिंकलेल्या लेबर पक्षाच्या स्टार्मरचं नाव थेट तिसऱ्या परिच्छेदात!

लेबरला साधारण ३४ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या आणि रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं पडूनही फक्त ५, हे कुठेच नाही. अहो, आपल्याकडे लोकसभेलाही त्या-त्या मतदारसंघात ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो ना, मग आपल्या वाचकाला खरं जवळचं तर हेच होतं, नातं जोडा की, पण हे गणितपण सांगा.

तुमच्या पेपरात आलं होतं का हे?