अमावस्येचं गिऱ्हाईक

शोरूममध्ये सेल्सला काम केलेल्या कुणालाही विचारा, पाडव्याचा आदला दिवस म्हणजे मेलेला दिवस. फाल्गुन अमावस्या असते ना. २०२५ ला तर २९ मार्चला शनिवार, म्हणजे शनी अमावस्या, वर सूर्यग्रहण (आपल्याकडं दिसणार नव्हतं, पण टीव्हीवाल्यांनी आठवडाभर आधीपासून घाबरवलेलं). त्या दिवशी गाडी बघायला कोण येणार. आणि गंमत म्हणजे ३१ मार्च दोन दिवसांवर, आमच्या टीमचं टार्गेट चार गाड्यांनी कमी, आणि यार्डात २०२४ च्या सात गाड्या उन्हात उभ्या.

मी तेव्हा सांगलीतल्या एका शोरूमला होते, कुठल्या कंपनीच्या ते सोडा, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच चालतं. आता ते काम सोडलंय म्हणून लिहितेय.

आधी आमच्या जाहिरातीबद्दल सांगते कारण पुढची सगळी भानगड तिच्यावरनंच सुरू झाली. पेपरात घालून पॅम्प्लेट वाटलेलं, पिवळ्यावर लाल अक्षरात, 'पाडवा धमाका! ९१,००० पर्यंत फायदे', आणि त्या आकड्याच्या डोक्यावर मोहरीएवढी चांदणी. ते ९१ कसे झाले ते ऐका. २५ हजार कंपनीची सूट, ती फक्त २०२४ च्या गाडीवर. ३० हजार जुनी गाडी एक्स्चेंजला दिली तर. २० हजार जुनी गाडी भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट दिलं तर. ६ हजार ठरावीक कंपन्यांत नोकरी असली तर. आणि १० हजाराच्या अ‍ॅक्सेसरीज, ज्यांची किंमत आम्हीच लावलेली. आता मला सांगा, एकच जुनी गाडी एक्स्चेंजला पण द्यायची आणि भंगारात पण काढायची हे कसं जमणार? दोन्ही एकत्र मिळत नाहीतच, बारीक अक्षरात तसं लिहिलेलंपण होतं. म्हणजे ९१ हजार पूर्ण मिळालेला माणूस या पृथ्वीवर असूच शकत नव्हता. पण 'पर्यंत' हा शब्द लय कामाचा, त्याच्या आडोशाला सगळं बसतं.

साडेअकराच्या सुमाराला दारात दोघं आले. एक पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर टॉवेल घेतलेले सत्तरीचे आजोबा, आणि त्यांचा नातू, कुपवाड एमआयडीसीत कामाला. नातू त्यांना तात्या म्हणत होता म्हणून मीपण तात्याच म्हणायला लागले. तात्यांनी खिशातनं पॅम्प्लेट काढलं, घडी उलगडली आणि बोट बरोब्बर चांदणीवर ठेवलं.

"पोरी, ही माशी बसलीया का काय लिवलंय?"

मी आपली ट्रेनिंगमध्ये शिकवल्यासारखी गोड हसले, पाणी मागवलं, म्हटलं तात्या आधी गाडी तर बघा. आम्हाला शिकवलेलंच असतं की गिऱ्हाईक गाडीत बसेपर्यंत आकडा बोलायचा नाही. नातू लगेच स्टिअरिंगला बसला, स्क्रीनवर बोटं फिरवायला लागला, त्याचा चेहरा बघूनच माझं निम्मं काम झालं. तात्यांनी ते बघितलं आणि त्याला सरळ बाहेर बोलावलं. "गुरासमोर उभं ऱ्हाऊन हसायचं नसतंय," म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही. मग नातवानंच सांगितलं, तात्यांची हयात बैलबाजारात गेलेली, सांगोला, खरसुंडी, म्हसवड, खिलार जनावराचे सौदे करायचे. हेडे म्हणतात त्यांना.

गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, हात मागं बांधून, आणि म्हणाले, "दात दाखव."

मी म्हटलं काय?

"अगं हिचं वय. बैलाचं दातावरनं कळतंय, अदात हाय, चौसा हाय का जुळलाय. हिचं कशावरनं?"

साडेतीन वर्षांत मला हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. लोक मायलेज विचारतात, रंग विचारतात, सनरूफ विचारतात. गाडी कधी बनली ते विचारायला फार थोड्यांना सुचतं, आणि आम्ही आपणहून सांगत नाही. मी खोटं बोलू शकले असते, पण त्या डोळ्यांसमोर नाही जमलं. काचेतनं चासी नंबर दाखवला, दहावं अक्षर वर्षाचं असतं, 'आर' म्हणजे २०२४, आणि महिना फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, छापून येतो, ही नोव्हेंबरची आहे. तात्यांनी मान हलवली. "म्हंजे उद्या इकायला काढली तर कागदावर एका वर्सानं म्हातारी. मग ते २५ हजार सूट न्हाई, ते तर तिच्या वयाचंच पैसं झालं." बरोबरच होतं, त्याच्यावर काय बोलणार.

मग कोटेशन. एक्स-शोरूम ७,२०,०००. आरटीओ ८८,५००. इन्शुरन्स ४१,५००. 'एसेन्शियल किट' २४,९००. एक्स्टेंडेड वॉरंटी १४,५००. हँडलिंग ८,५००. फास्टॅग ६००. एकूण ८,९८,५००. हे मी एका दमात वाचून दाखवायचे, कारण मध्ये थांबलं की गिऱ्हाईक विचार करतं. तात्यांनी पेन मागितलं. वाचता येत होतं पण चष्मा नव्हता, म्हणून नातवाला एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावली आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न, "हे कुणाचं?" म्हणजे हे पैसे कुणाच्या घरात जाणार.

आरटीओवर नातवानं मोबाईल काढला. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के कर, म्हणजे ७९,२००, वर रजिस्ट्रेशनची वगैरे किरकोळ फी. मग ८८ कसे? मी म्हटलं, राउंड फिगर असते. (ती 'राउंड फिगर' कायम वरच्याच बाजूला राउंड होते हा योगायोग.) हँडलिंगला तात्यांनी विचारलं, "हाताळायचं काय त्यात? यार्डातनं हितं आणली, त्ये? बैल दावणीवरनं बाजारात आणायचं पैसं आम्ही गिऱ्हाईकाकडनं कदी घेतलं न्हाईत." किटमध्ये काय काय तर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बंपरचे कोपरे, गाडी पुसायचं कापड. हो, कापडाचेपण पैसे.

इन्शुरन्सला मी माझं हुकमी वाक्य टाकलं, बाहेरनं घेतला तर क्लेमला त्रास होतो हां. नातू म्हणाला, ताई, शोरूमचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही ना तुम्हाला? आणि त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरं कोटेशन दाखवलं, तेच कव्हर, तीन वर्षांचं थर्ड पार्टी, एक वर्षाचं स्वतःच्या गाडीचं, २९,८००. आमच्या ४१ मध्ये कमिशन किती होतं ते मला पण पूर्ण माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की गाडी विकून शोरूमला जेवढं सुटत नाही तेवढं या खालच्या ओळींतनं सुटतं. गाडीवरचं मार्जिन खरंच बारीक असतं, हे मी शोरूमची बाजू घेऊन नाही सांगत, तसंच आहे. म्हणून तर किटसाठी मारामारी.

लोनवाला मुलगापण येऊन बसला. म्हणाला, तात्या पैसे कशाला अडकवता, पाच लाख लोन करू, फ्लॅट ५ टक्के, पाच वर्षं, हप्ता फक्त १०,४१७. तात्या थोडा वेळ छताकडं बघत बसले, ओठ हलत होते. मग म्हणाले, "दर म्हैन्याला मी मुद्दल फेडणार, आन व्याज शेवटपातूर पुऱ्या पाच लाखावर? सावकार बरा म्हणायचा." हिशेबानं ते कमी होत जाणाऱ्या रकमेवरच्या नऊ टक्क्यांच्या वर पडतं, तो मुलगा हे जाणून होता, त्यानं फाईल मिटली आणि चहा प्यायला गेला तो परत आलाच नाही.

मग मी आमचा ठेवणीतला डाव टाकला, "सरांशी बोलून येते." केबिनमध्ये गेले. सर मोबाईलवर रील बघत होते. मी खुर्चीत बसले, पाणी प्यायले, दोनेक मिनिटं गेली असतील, चेहरा चिंतेचा केला आणि बाहेर आले. "तात्या, सर तयारच नव्हते, खूप रिक्वेस्ट केली, पाच हजार जास्तीचे सुटतायत, पण फक्त आजच्यासाठी."

तात्या म्हणाले, "पोरी, खोलीला काच हाय. तुझं तोंड हललंच न्हाई."

मी आयुष्यात एवढी लाजले नसेन. नातू दुसरीकडं बघून हसत होता. तात्या मात्र चिडलेबिडले नव्हते, उलट समजावून सांगितल्यासारखे म्हणाले की आज अमावस्या, तुझ्या दुकानात सकाळपासनं आमीच दोघं, परवा तुमचं वर्स संपतंय, म्हणून तर आज आलो, पाडव्याला आलो असतो तर तू माझ्याकडं बघितलं तरी असतंस का? खरंय की. पाडव्याला बँड असतो, दारात तो हवेनं नाचणारा फुगा असतो, एकेकाला दहा मिनिटं द्यायला पण वेळ नसतो आणि लोकं मुहूर्त चुकेल म्हणून सांगेल त्या आकड्यावर सही करतात.

शेवटी सरच बाहेर आले. शेकहँडला हात पुढं केला, तर तात्यांनी तो धरून ठेवला, दुसऱ्या हातानं खांद्यावरचा टॉवेल वर टाकला आणि आत सरांची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बाजूच्याला कळू नये म्हणून. सरांचा चेहरा बघण्यासारखा झालेला, हात काढून घ्यावा की नको कळेना, माझ्याकडं बघतायत. नातू म्हणाला, "तात्या, हितं नसतंय असलं!" तात्या म्हणाले, "मग हितं कसं असतंय? ही पोरगी आत जाऊन पाणी पिऊन येती तसं?"

पुढचा तासभर खेचाखेची झाली, सर पाचाचे दहा, दहाचे पंधरा करत गेले, तात्या दोनदा उठून दारापर्यंत गेले, एकदा तर चपला पण घातल्या. मी मोजून बघितलं, दुसऱ्या वेळी ते दाराबाहेर नारळाच्या गाडीपाशी उभे राहून आमच्याकडं बघतच नव्हते, सर मात्र काचेतनं त्यांच्याकडं बघत होते. तिथंच भाव फुटला. ठरलं ते असं: कंपनीचे २५ हजार, शोरूमचे १८ हजार, आरटीओ ८०,५००, इन्शुरन्स आमचाच पण ३०,५००, किट नाही, वॉरंटी नाही, हँडलिंग नाही, फास्टॅगचे ६००, आणि रबरी मॅट २,२०० चे. ७,९०,८०० होत होते, तात्यांनी वरचे आठशे हातानं झटकले. ७ लाख ९०.

म्हणजे बघा, ८,९८,५०० वरनं १,०८,५०० कमी. जाहिरातीतल्या ९१ पेक्षा जास्त! टीममधल्या पोरांनी हे ऐकून टाळ्या वाजवल्या. पण त्यातली खरी सूट ४३ हजार आणि ते आठशे, बाकीचे मुळात मागायलाच नको होते ते आम्ही मागणं बंद केलं, एवढंच.

सर म्हणाले, मग पाच हजार भरून टाका बुकिंगचे. तात्या म्हणाले, अमावस्येला विसार देत न्हाई, सकाळी गुढी उभारून येतो. सरांचा जीव खालीवर. रात्रीत दुसऱ्या शोरूमला गेले तर? मलापण रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. पण पाडव्याच्या सकाळी साडेआठला, बँडवाले यायच्या आधी, तात्या हजर, नव्या टोपीत. पिशवीत रोकड आणलेली सगळी. त्यांना सांगावं लागलं की दोन लाख किंवा वर रोख घेता येत नाही, मग विसार म्हणून ५,१०० दिले आणि बाकीचे सोमवारी नातवानं बँकेतनं पाठवले. ३१ तारखेला आमचं बिल फाटलं. टार्गेट तरी तीन गाड्यांनी हुकलंच, ते वेगळं. मला या गाडीवर इन्सेंटिव्ह मिळालं ७५० रुपये, कारण किट नाही वॉरंटी नाही लोन नाही.

डिलिव्हरी रामनवमीला, ६ एप्रिलला दिली, नंबरप्लेट येऊन. लाल कापड, केक, पुठ्ठ्याची मोठी किल्ली, फोटो, सगळं आमच्या पद्धतीनं. तात्यांनी किल्ली हातात घ्यायच्या आधी पिशवीतनं लोकरीचा गोंडा काढून आरशाला बांधला, बैलाच्या शिंगाला बांधतात तसला, बॉनेटवर दोन थापा मारल्या. मग मला बाजूला घेतलं.

"आता आमचा सौदा झाला, आता खरं सांग. ही उद्या तुमच्याकडंच इकायला आणली तर कितीला घेशील?"

मी आमच्या इव्हॅल्युएटरला, म्हणजे जुन्या गाडीची किंमत लावणाऱ्याला, हाक मारली नाही, आकडा मला पाठच होता. म्हटलं, सव्वासहाच्या वर कुणी बोलणार नाही तात्या.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "एका दिसात दीड लाखावर?"

नातवानं हॉर्न वाजवला, उशीर होत होता, देवळात बारा वाजायच्या आत पोचायचं होतं. तात्या पुढं बसले, पायाखालच्या मॅटवर पाय घासून बघितला, आणि गाडी निघता निघता काच खाली करून म्हणाले, "बाविसशेची मॅट पातळ हाय गं."