अण्णांची सकाळची यादी

सकाळी साडेपाचला अण्णा आंघोळ उरकून कॉम्प्युटरसमोर बसतात आणि अभंग लावतात. कॅसेटप्लेअर बिघडला तेव्हापासूनचा हा नेम. गेल्या दिवाळीनंतर मात्र रोज एकच रड. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे प्लेअरच्या, आयकॉनवर क्लिक करायचं, मग चक्र फिरत राहायचं. अण्णांचा चहा संपायचा, तरी विंडो पांढरीच. एकदा मी घड्याळ घेऊन बसले. पहिला सूर ऐकू यायला तीन मिनिटं वीस सेकंद लागली. "राहू दे गं, ट्रान्झिस्टर लावतो," असं ते म्हणाले आणि मला फार वाईट वाटलं. अण्णांनी आकाशवाणी सांगलीवरून आणि गावच्या सप्ताहांत टेप केलेल्या ११२ कॅसेटी मी दोन उन्हाळे बसून ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये उतरवल्यात. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही.

ज्याला विचारावं तो म्हणे, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. चार जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क, जुनं आहेच. पण २००० च्या सुमारास याच्या कितीतरी पट कमी रॅमवर विनॅम्प नावाच्या प्लेअरमध्ये हीच एमपीथ्री बिनबोभाट वाजायची. गाणं वाजवायला मशीनला फारसे कष्ट पडत नाहीत. मग हे मशीन करत काय होतं?

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, कोणता प्रोग्रॅम किती जागा खातोय ते त्यात दिसतं. प्लेअर एकटाच सहाशे एमबी खाऊन बसलेला, डिस्क शंभर टक्के. शिवाय त्याचीच आणखी तीन पिल्लं: एक फोन जोडला जाईल म्हणून वाट बघणारं (आमच्याकडे फोन कधीच जोडलेला नाही), एक अपडेट शोधणारं, एक घरातल्या दुसऱ्या उपकरणांना गाणी पुरवायला तयार असलेलं. इंटरनेटची वायर काढून पुन्हा चालू केलं, तर जवळजवळ एक मिनिट वाचलं. तेव्हा उलगडा झाला. उघडताना दरवेळी तो सगळे फोल्डर चाळत होता आणि प्रत्येक फाइलसाठी नेटवर कव्हरचं चित्र शोधत होता. सप्ताहातल्या भजनाला कव्हर कुठून असणार? मिळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध.

मशीन चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममधून (स्टार्टअप) तिन्ही पिल्लं बंद केली, फोल्डरवरची पाळत बंद केली, कव्हरं बंद केली. वेळ एक मिनिट दहा सेकंदांवर आली. आठवड्याभराने अपडेट आलं आणि सगळं पुन्हा चालू! त्या दिवशी माझा संयम संपला. ज्या प्रोग्रॅमला घरच्या माणसाने केलेली सेटिंग पाळता येत नाही, तो घरात ठेवायचा नाही, असं ठरवलं.

काढायचा तर होता, पण अण्णांची 'सकाळ' नावाची यादी त्याच्या पोटात. कोणत्या अभंगानंतर कोणता, हा क्रम त्यांनी पाच वर्षांत एकेक करून लावलेला. फायली आपल्या, पण क्रम प्लेअरच्या डेटाबेसमध्ये अडकलेला. यादी एक्स्पोर्ट केली, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये बाहेर काढली, ती एमथ्रीयू या यादीच्या फाइल-प्रकारात. नोटपॅडमध्ये उघडून बघते तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. पोटात गोळाच आला. पुन्हा केली, यावेळी एमथ्रीयू-८ निवडून. तो 'आठ' म्हणजे यूटीएफ-८, अक्षरं साठवायची एक पद्धत, त्यात देवनागरी टिकते. आता प्रत्येक ओळीवर एकेका फाइलचा पत्ता, स्वच्छ मराठीत. एवढीशी साधी फाइल! तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली आणि मगच प्लेअर काढला. तोही एका झटक्यात निघत नाही. मुख्य प्रोग्रॅम गेला तरी पिल्लं मशीनवरच्या प्रोग्रॅमच्या यादीत वेगळी राहतात, ती एकेक करून काढावी लागली.

व्हिडिओसाठी व्हीएलसी घेतला. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो उभा राहिला आणि २००१ पासून मुक्त परवान्यावर आहे. गाण्यांसाठी मात्र फूबार२००० पसंत पडला. विनॅम्पच्या कंपनीसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी तो २००२ मध्ये आणला. दिसायला अगदी रुक्ष, पण आमच्या मशीनवर चाळीसेक एमबीत भागतं. अक्षरं मोठी केली, नको ते कॉलम काढले, आणि 'सकाळ'ची फाइल डेस्कटॉपवर आणून ठेवली. त्यावर डबलक्लिक केलं की यादी सुरू.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उठले नाही. यादीतला पहिला अभंग सप्ताहातला आहे, आणि त्याच्या आधी अण्णांनी टेपचं बटण दाबल्याचा 'खट्ट' आवाज तसाच राहिलाय. आतून खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, पाठोपाठ माऊसची टिकटिक, आणि लगेच तो 'खट्ट'. मग कुणाचं तरी खाकरणं, आणि टाळ.