मुशीचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम: आधी नाव पक्कं करा, मग वंशवृक्ष काढा

नाशिकच्या मासळीबाजारात बर्फात घालून येणारी मुशी म्हणजे शार्कच. त्यामुळे इथल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शार्कच्या उत्क्रांतीवर, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून (मायटोकॉन्ड्रियल जीनोम) वंशवृक्ष काढण्याचा, प्रकल्प करायला किनाऱ्यावर राहायची गरज नाही. मात्र सोललेले तुकडे घेऊ नका. अख्खा मासा घ्या, शेजारी पट्टी ठेवून त्याचे फोटो काढा. सोनमुशीचा, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडसचा, मुस्कटाचा भाग लांब आणि चपटा असतो आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे असतो. २०१० साली पूर्वेकडची सोनमुशी स्कोलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकॉस म्हणून वेगळी काढली गेली. त्यामुळे जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या जुन्या नोंदी वापरताना नमुना कुठल्या समुद्रातला आहे ते पाहूनच नावावर विश्वास ठेवा. व्हेल शार्क, गंगेतला शार्क, सॉफिश यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचा तुकडाही उचलायचा नाही.

बर्फाच्या पाण्यात सगळ्या माशांचा बुळबुळीत स्राव मिसळलेला असतो. म्हणून वरचा थर कापून टाका आणि आतला हरभऱ्याएवढा स्नायू नव्या पात्याने काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. इथेनॉल तुकड्याच्या निदान पाचपट हवं आणि २४ तासांनी बदलायला हवं. शार्कच्या मांसात युरिया भरपूर असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो (मुशीचा उग्र वास तोच), म्हणून डीएनए काढण्याआधी तुकडा बफरमध्ये धुवून घ्या. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना या कामाला जवळजवळ निरुपयोगी.

आता नाव पडताळायचं. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५५ बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) तुकडा, म्हणजे प्रजाती ओळखायचा 'बारकोड', फिश-एफ-१ आणि फिश-आर-१ या प्रायमर-जोडीने (तुकड्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए) पीसीआरमध्ये वाढवा: ५४ अंशांवर अ‍ॅनीलिंग (प्रायमर चिकटणं), ३५ आवर्तनं. ओळख पटल्यावरच पूर्ण जीनोमकडे वळा. तो वर्तुळाकार, साधारण १६,७०० बेसचा, ३७ जनुकांचा: प्रथिनांची १३, टीआरएनएची २२, आरआरएनएची २. पूर्ण जीनोमचं सिक्वेन्सिंग करून वाचनं (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) जोडलीत, तर दोन्ही टोकं एकमेकांवर येतात का ते पाहा. आली नाहीत तर वर्तुळ अपुरं आहे.

सगळ्यात जास्त घोळ इथून पुढे होतो. जनुकांचं प्रथिनांत भाषांतर पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियल संकेतानेच करा. त्यात टीजीए हा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल; नेहमीचा संकेत निवडलात तर चांगल्या जनुकातही जागोजागी 'थांबा' (प्रथिन संपल्याची खूण) दिसतील. योग्य संकेत लावूनही मधेच 'थांबा' आला, तर पेशीच्या केंद्रकात शिरलेली जनुकाची खोटी प्रत किंवा वाचनातली चूक समजा. सीओआयची सुरुवात मात्र बहुधा जीटीजीने होते, ती चूक मानू नका. एनडी ६ हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर असतं. ते न उलटवता बाकीच्यांना जोडलं तर मांडणी (सगळ्या प्रजातींचे क्रम एकाखाली एक लावणं) बिघडते.

दूरच्या नात्यांसाठी डी-लूप (जनुकं नसलेला, झपाट्याने बदलणारा भाग) वगळा, प्रत्येक जनुकाची कोडॉननुसार वेगळी मांडणी करा आणि कोडॉनच्या तिसऱ्या स्थानावर बदलांवर बदल साचलेत का ते तपासा. बाह्यगट (वृक्षाचं मूळ ठरवायला घेतलेला दूरचा नातेवाईक) म्हणून कायमेरा या कूर्चामाशांच्या गटातला कॅलोऱ्हिंकस मिली घ्या आणि पाकटं (चपटे रे मासे) जरूर ठेवा. शरीररचनेवरून पाकटं शार्कांच्याच आतून, एंजल शार्क आणि सॉशार्कांजवळून निघाली असं १९९० च्या दशकात मांडलं गेलं होतं; रेणवीय पुराव्याने पाकटांना सगळ्या शार्कांबाहेर, भगिनीगट (सगळ्यात जवळचा वेगळा गट) म्हणून ठेवलं. पाकटं वगळलेल्या वृक्षावर हा प्रश्न दिसतच नाही. वृक्ष काढणाऱ्या आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरमधल्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपचे (फांदी किती भरवशाची ते सांगणाऱ्या चाचणीचे) ९५ च्या खालचे आकडे पक्के धरू नका.

दोन वंश कधी वेगळे झाले तो काळ मोजताना सस्तनांचा डीएनए-बदलाचा दर उचलू नका. मार्टिन, नेलर आणि पलुंबी यांनी १९९२ मध्ये दाखवलं की शार्कांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सस्तनांपेक्षा सात-आठ पट सावकाश बदलतो. सस्तनांचा दर लावला तर प्रत्यक्षात फार जुनी असलेली ताटातूट अलीकडची वाटेल. याच मंदपणामुळे जवळच्या प्रजातींच्या सीओआयमध्ये फरक नगण्य राहतात, आणि तिथे एकट्या बारकोडवर नाव ठरवणं मला पटत नाही. शिवाय सगळी ३७ जनुकं एकत्र, आईकडूनच येतात, म्हणजे वृक्षासाठी साक्षीदार एकच. ऑस्ट्रेलियात २०१२ साली ब्लॅकटिप शार्कच्या दोन प्रजातींचे संकर नोंदले गेले. अशा माशाच्या मायटोकॉन्ड्रियात फक्त आईची प्रजाती दिसते. अशा गटांत केंद्रकातली जनुकं जोडून दोन्ही वृक्ष शेजारी ठेवून पाहा, आणि जिथे ते जुळत नाहीत त्या फांदीचे नमुने व फोटो पुन्हा काढून बघा.