याला रस्ता कोण सांगतं?

स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालणं हे माझं काम. चंद्र नसलेल्या रात्री खाडीच्या चिखलावर बारीक धाग्याच्या जाळ्या लावायच्या, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, कडी घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं, नोंद करून सोडून द्यायचा. डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये नंबर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या स्टारलिंग पक्ष्यांना घातल्या. मुळात आम्ही अजून तेच करतो.

त्या रात्री मदतीला एक निवृत्त काका आले होते. त्यांचा तरुण मुलगा गेला होता. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, एवढंच ते वाटेत बोलले.

मध्यरात्रीनंतर जाळ्यात एक छोटा टिलवा आला. पायात आधीच कडी. बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला आणि अंगावर काटा आला. कडी आमचीच होती. जुन्या वहीत नोंद सापडली, माझ्याच अक्षरातली, याच खाडीवरची. टिलव्याची वीण होते ती आर्क्टिकच्या टुंड्रात. म्हणजे पंचवीसेक ग्रॅमचा हा जीव मधल्या वर्षांत हजारो किलोमीटर उत्तरेला जाऊन पुन्हा याच चिखलावर उतरत राहिला होता.

पक्षी कसा धरायचा ते मी काकांना दाखवलं. मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळव्याला. दाबायचं नाही आणि घाबरून ढिलंही सोडायचं नाही. त्याच्या छातीची धडधड बोटांना कळते, पण ठोके मोजू म्हटलं तर मोजता येत नाहीत. काका कितीतरी वेळ तसेच उभे होते.

“ताई, याला रस्ता कोण सांगतं?”

सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व, जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. प्रौढ टिलवे आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, कधी न पाहिलेल्या वाटेने येतात, हेही सांगितलं. मग गॉडविट या दुसऱ्या एका स्थलांतरित पक्ष्याची गोष्ट निघाली. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवस कुठेही न टेकता, १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. निघण्याआधी हे पक्षी अंगात चरबी साठवतात आणि जठर, आतडी आकसून घेतात, म्हणजे तेवढाच भार हलका.

“म्हणजे पोरं एकटी निघाली तरी त्यांना वाट असते,” काका म्हणाले.

“असते, काका. सगळी पोचत नाहीत, पण वाट असते.”

खोटा दिलासा देणं मला जमलं नसतं, आणि त्यांनाही तो नको होता. त्यांनी मान हलवली. डोळे वाहत होते, हात मात्र स्थिर होता. मी या कामाकडे का ओढली जाते, ते मला त्या घटकेला लख्ख कळलं. माझ्या आधीपासून चालत आलेल्या आणि माझ्यानंतरही चालू राहणाऱ्या एका प्रवासाला क्षणभर हात लागतो, आणि आपण या जगात उपरे नाही याची खात्री पटते. श्रद्धा म्हणतात ती माझ्या वाट्याला अशी आली आहे. चुंबकत्वाचं गणित समजल्याने ती तसूभरही कमी होत नाही.

काकांनी तळवा उघडला. टिलवा अंधारात निघून गेला.

जाळ्यात आणखी दोघे फडफडत होते. मी पहिल्याला सोडवून आणेपर्यंत काकांनी वही मांडीवर घेतली होती, पेनाचं टोपण काढलं होतं.

“वजन सांगा, ताई.”