थिबा पॅलेस आणि ऊ सॉ

आज रत्नागिरीत पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवायला नेलं, तिथं भाचीनं विचारलं की ब्रह्मदेशच्या (आताचा म्यानमार) थिबा राजाला इकडे आणल्यावर त्याच्या देशाचं पुढं काय झालं, आणि मला धड उत्तर देता येईना. मग काय, घरी येऊन मोबाईल घेऊन बसलो ते जेवण थंड होईपर्यंत.

त्यात हा तिथला पुढारी ऊ सॉ सापडला. वकिली करायचा, साया सानच्या इंग्रजांविरुद्धच्या शेतकरी बंडाच्या खटल्यात बचावाला उभा राहिला आणि तिथून नाव झालं. 1935 मध्ये 'थुरिया' म्हणजे 'सूर्य' नावाचा पेपरच विकत घेतला. 1938 मध्ये रंगूनमध्ये आपल्या भारतीयांविरुद्ध दंगली पेटल्या, आणि त्या भडकवण्यात या पेपरचाही हात होता (पेपरवाले तेव्हापासून तसलेच!). दोनच वर्षांत गडी पंतप्रधान. 1941 ला चर्चिलला भेटून स्वराज्य मागितलं, मिळालं नाही, परतताना गुपचूप जपान्यांशी बोलणी केली आणि इंग्रजांनी उचलून थेट युगांडात डांबला.

एवढं होऊन परत आला तो तिथला स्वातंत्र्यनेता आँग सान याच्यावर डूख धरून. 19 जुलै 1947, बैठक चालू असताना याच्या माणसांनी आत घुसून गोळ्या घातल्या. आँग सान फक्त 32 वर्षांचा हो! जानेवारी 48 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हा तुरुंगात, मे महिन्यात फाशी.

भाचीला सांगायला गेलो तर ती झोपलेली.