आमची वाटचाल : क्लॅम्पमधली पट्टी

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, टेस्टिंगचे जिग, फिक्श्चर म्हणजे तपासायची वस्तू पकडून ठेवणारी साधनं, आणि शेकरच्या म्हणजे वस्तू हादरवून बघणाऱ्या यंत्राच्या प्लेटा हेच काम. सुरुवात मी आणि काकांनी केली, काका म्हणजे सख्खे नव्हेत, मिरजेचे, घरात तंबोरे बनायचे पण हे फिटर झाले. पहिली वर्षं ऑटोच्या जॉबवर्कमध्ये गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एक दिवस एका लॅबमधल्या मॅडम एलसीईची म्हणजे लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमर या रबराची पट्टी घेऊन आल्या. आरएम२५७ आणि थायॉल या रसायनांपासून स्वतः ओतलेली, ताणून यूव्हीखाली पक्की केलेली. हीट गन धरली तर पट्टी डोळ्यादेखत एक तृतीयांश आखडली, गार झाल्यावर परत होती तेवढी. असं रबर असू शकतं हे पिएर-जिल द जेन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं आणि जर्मनीत फिंकेलमान यांनी १९८१ मध्ये ते बनवून दाखवलं, हे मॅडमनी चहा घेताघेता सांगितलं. काका मात्र पट्टी टिचकवून बघत होते. वाजत नव्हती, नुसतं थप्प. कंप गिळून टाकतं हे रबर, आतले रेणू फिरतात आणि हादरा खातात.

मॅडमच्या ओळखीने एका ठिकाणची सहा रिगची, म्हणजे चाचणीच्या मांडणीची, ऑर्डर आली. पट्टी दोन्ही टोकांना पकडायची, गरम करायची, शेकरवर हलवून लेझरने नॅचरल फ्रिक्वेन्सी बघायची, म्हणजे पट्टी आपल्या स्वतःच्या लयीत सेकंदाला किती वेळा थरथरते ते. ॲडव्हान्स न घेता कर्ज काढून माल दिला (तुम्ही असं कधीही करू नका) आणि सहाच्या सहा रिग परत आल्या, म्हणे रीडिंग स्थिर राहत नाही. पैसे अडकले, कामावरची दोन मुलं सोडून गेली आणि ज्याला आम्ही विश्वासाने ड्रॉइंग दाखवलं होतं त्याने आमच्यापेक्षा कमी कोटेशन टाकलं.

काका तीन रात्री फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घेऊन क्लॅम्पपाशी बसले. तापल्यावर फ्रिक्वेन्सी चढते तो रिगचा दोष नव्हताच, टोकं धरलेली, आखडायला जागा नाही, मग ताण वाढणारच, तंबोऱ्याची खुंटी पिळल्यासारखं. पण प्रत्येक फेरीनंतर गार झाल्यावर आकडा आधीपेक्षा खाली येत होता आणि ती चूक आमची. या रबराचं आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं, लांबी घटली की जाडी वाढते, म्हणजे जबड्यात पट्टी फुगते, दाबाने थोडी बाहेर सरकते, आणि गार झाली की बारीक होऊन जबड्यात सैल पडते. पट्टी फुगो वा बारीक होवो, दाब टिकावा म्हणून स्क्रूखाली डिस्क स्प्रिंग टाकल्या, ॲल्युमिनियमचा जबडा टोकाची उष्णता ओढत होता म्हणून आतून हायलम म्हणजे उष्णता अडवणारी कडक शीट लावली. पट्टी जागची हलेना.

सहाही रिग फुकट सुधारून दिल्या. उरलेले पैसे चौदा महिन्यांनी आले, सोबत एक ओळही नाही. त्या दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये आज आमचाच स्प्रिंग क्लॅम्प आहे, ते बघून अजून पोटात ढवळतं.

मॅडमनी मात्र दुसरं दार कधी बघितलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा विद्यार्थी आला, केवढ्याशा पातळ पट्टीवर ॲक्सेलरोमीटर म्हणजे कंप मोजायचा सेन्सर चिकटवलेला. अरे, पट्टीपेक्षा सेन्सर जड, तू मोजतोयस तो सेन्सरच! तो काढला, पट्टी क्लॅम्पमध्ये धरली आणि ड्रॉवरमधून काकांची फिलर गेज घेतली.