डार्लिंगकाठी मुक्कामाची जागा शोधताना

नकाशात डार्लिंग नदी पाहिली की मुक्कामाची चिंता वाटतच नाही. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला, बर्कपासून वेंटवर्थपर्यंत नदी वळणं घेत घेत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांनी मातीचे रस्ते आहेत. संध्याकाळ झाली की कुठेही आत वळायचं आणि तंबू ठोकायचा, असंच कुणालाही वाटेल. पण बऱ्याच ठिकाणी रस्ता नदीपासून चांगला लांब असतो आणि मधली जमीन मेंढपाळीच्या मोठमोठ्या फार्मांची (इकडे त्यांना स्टेशन म्हणतात), म्हणजे खासगी मालकीची. कुंपणाच्या तारा आणि फाटकं संपत नाहीत. नदी जवळ आहे हे फक्त दूरवरच्या झाडांच्या हिरव्या रेघेवरून कळतं. म्हणून आम्ही रोज सकाळी चहा घेताना आधी एकच गोष्ट ठरवायचो: आज रात्री कुणाच्या जमिनीवर उतरायचं.

आम्ही म्हणजे मी, नवरा, आमचा मुलगा आणि सांगलीहून आलेले माझे वडील, आप्पा. जुलैची शाळेची सुट्टी होती. इकडे तेव्हा हिवाळा असतो, फिरायला हाच काळ बरा. उन्हाळ्यात उष्णता सोसवत नाही. जुलैत दिवसा ऊन छान असतं, रात्री मात्र पारा शून्याजवळ जातो. आप्पांना दोन घोंगड्या आणि कानटोपी लागायचीच.

तिथे मुक्कामाचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, राष्ट्रीय उद्यानांच्या नदीकाठच्या जागा. बर्कहून लाउथकडे जाताना गुंडाबूकाच्या हद्दीत यांडा नावाची अशी जागा आहे, आणि खाली मेनिंडीजवळ किंचेगात तर नदीच्या वळणावळणावर आहेत. यांचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं आणि बर्क सोडलं की बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नसते. म्हणून बर्कमध्ये डिझेल भरतानाच पुढच्या रात्रींचं बुकिंग उरकायचं आणि पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवायचा. दुसरा मार्ग स्टेशनांचा. लाउथ आणि टिल्पाच्या पट्ट्यात काही स्टेशनं पैसे घेऊन आपल्या नदीकाठावर तंबू लावू देतात. तिसरा मार्ग म्हणजे गावं. लाउथ, टिल्पा ही अगदी चिमुकली वस्ती, पण प्रत्येक ठिकाणी पब आहे आणि परिसराची सगळी माहिती तिथेच मिळते.

विकीकॅम्प्स हे मुक्कामाच्या जागा दाखवणारं अॅप आम्ही रोज वापरलं. बर्कमध्येच नकाशे उतरवून घेतले होते. पण जुना अभिप्राय वाचून जागा नक्की करायची नाही, हे मी ठामपणे सांगते. नदीला पूर येऊन गेला की काठ बदलतो, जुनी वाट वाहून जाते, जमिनीचा मालक बदलतो. अॅपवरून दोन-तीन जागा हेरायच्या आणि मग पबमध्ये विचारायचं. टिल्पाच्या पबमध्ये काउंटरवरच्या बाईंनी आम्हाला एका स्टेशनचं नाव सांगितलं, आम्ही कुठून आलो ते विचारलं, आणि स्वतःच फोन लावून दिला. “पहिलं फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद करा,” एवढंच त्या बजावून म्हणाल्या. हा नियम या मुलखात फार महत्त्वाचा आहे, कारण कुठल्या कळपाला कुठलं पाणी मिळणार, हे फाटकांवर ठरतं.

जागा मिळाली की खरी पारख सुरू होते, आणि तिथे आप्पांचा उपयोग झाला. गाडीतून उतरल्यावर त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलं काळं रान. कोरडी आहे तोवर दगड. सर पडली की गाडी हलायची नाही.” अगदी तसंच आहे. डार्लिंगच्या पूरमैदानात भेगाळणारी करडी-काळी चिकणमाती आहे. थोड्या पावसातही ती चाकांना लपेटून बसते आणि सरकारी यंत्रणा रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. ते योग्यच वाटतं, कारण ओल्या रस्त्यावर पडलेली खोल चाकोरी स्थानिकांना महिनोन्महिने छळते. म्हणून पश्चिमेला ढग दिसले की आम्ही काठाचा मोह सोडून उंचवट्यावर, रस्त्याजवळ राहायचो. निघण्याआधी रस्त्यांची स्थिती पाहायची, आणि रेंज नसेल तर पबच्या फळ्यावर वाचायची.

दुसरी पारख झाडांची. काठाने प्रचंड रिव्हर रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं, उभी असतात. दुपारी तीन वाजता त्यांची सावली पाहून कुणालाही खाली चटई टाकाविशी वाटते. आप्पांनाही वाटली. पण या झाडांच्या जाड फांद्या वारा नसतानाही कडकन मोडून पडतात. आम्ही तंबू नेहमी फांद्यांच्या घेराबाहेर लावला. आप्पांची खुर्चीही तिथेच. ते आधी कुरकुरले, मग बुंध्याशी पडलेली एक फांदी पाहून काही बोलले नाहीत. फांदी गाडीएवढी होती.

काठाची दरडही बघावी लागते. डार्लिंगचं पात्र खोल आणि काठ उभे, मातीचे, वरून घट्ट दिसले तरी खालून पोखरलेले. मुलाला सांगून ठेवलं होतं की कडेपासून लांब राहायचं आणि पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. पाण्यात मगरी नाहीत, हे आप्पांना मी अनेकदा समजावलं; त्या पार उत्तरेकडच्या नद्यांत. पण नदीचं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला आम्ही घेतलं नाही. पाणी माणशी रोज सात लिटर धरून गाडीत भरलं होतं. सरपणही बर्कमधून विकत घेतलं, कारण उद्यानात लाकूड गोळा करायला बंदी आहे. पडलेल्या ओंडक्यांत सरडे, साप आणि कितीतरी जीव राहतात, आणि नदीत पडलेला ओंडका माशांचा आसरा असतो.

या नदीला इथले मूळ रहिवासी बारकिंजी लोक बाका म्हणतात. त्यांच्या जमिनीवरील हक्काला 2015 मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली. एके काळी लोकरीच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या वाफेच्या बोटी बर्कपर्यंत यायच्या. नॉर्थ बर्कला 1883 चा पूल आहे, त्याचा मधला भाग बोटींसाठी उचलता येत असे. आणि याच नदीत, मेनिंडीपाशी, 2018-19 च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा 2023 मध्ये लाखो मासे मरून वर आले. वरच्या भागात कापसाला आणि इतर पिकांना किती पाणी उचलायचं, यावर इथे आजही भांडणं आहेत. आप्पा आयुष्यभर कृष्णेच्या पाण्यावर ऊस करत आले. मेनिंडीला काठावर बसून त्यांनी मला पाण्याच्या वाटपाबद्दल खूप प्रश्न विचारले, आणि मला माहीत होतं तेवढं मी सांगत राहिले. नदीकाठी राहायला येणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

वेळेचंही एक सांगते. जुलैत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याच वेळी कांगारू रस्त्यावर येतात. आम्ही तीनपर्यंत गाडी थांबवायचोच. जागा आवडली नाही तरी दुसरी शोधायला उजेड हातात असायचा.

सगळ्यात सुखाचा मुक्काम किंचेगाचा झाला. बुकिंग केलेली जागा वळणाच्या आतल्या बाजूला होती, काठ उतरता, तंबूला मोकळं मैदान. पहाटे कोरेला पोपटांनी एवढा गलका केला की कुणाला गजराची गरज पडली नाही. तिथून पूनकॅरीमार्गे वेंटवर्थला गेलो, जिथे डार्लिंग मरे नदीला मिळते. तिथे कॅरव्हान पार्क आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत, आणि जागेसाठी कुणाला विचारत फिरावं लागत नाही.